काउंट जुळल्याशिवाय पोट शिवत नाहीत: रोबोटिक लिव्हर शस्त्रक्रियांबद्दल एक खुले पत्र

प्रति,
रोबोटिक शस्त्रक्रियेची यंत्रं, दर आणि मान्यता यांबद्दल निर्णय घेणारे अधिकारी आणि समिती सदस्य,
सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य

मान्यवर,

सर्जनने पोट शिवायला सुई मागितली की सिस्टर ती लगेच हातात देत नाही. आधी काउंट होतो. पोटात गेलेले मॉप आणि गॉझ (रक्त टिपायच्या कापडी घड्या), सुया, टेप, सगळं मी ट्रॉलीवर मोजते. बाहेरची सिस्टर फळ्यावरचा आकडा मोठ्याने वाचते. दोघींचं जुळलं की मी म्हणते, "काउंट करेक्ट, सर." मग सुई. एक मॉप कमी भरला तर सर्जन कितीही मोठा असो, त्याचा हात थांबतो. बादल्या उपड्या होतात, चादरी झटकल्या जातात, तरी सापडला नाही तर टेबलावरच एक्स-रे निघतो. मी ३१ वर्षे हे काम केलं. आधी सरकारी रुग्णालयात, नंतर खाजगी. शेवटची बरीच वर्षे लिव्हर आणि स्वादुपिंडाच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. आता निवृत्त आहे.

आपल्याकडे माझं एकच मागणं आहे. राज्यात रोबोटने सुरू होणाऱ्या लिव्हरच्या प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद एका ठिकाणी व्हावी, ती सक्तीची असावी, आणि त्यातले आकडे पेशंटला पाहता यावेत. यंत्र विकत घेताना, योजनेत दर ठरवताना, रुग्णालयाला मान्यता देताना ही अट आपण घालू शकता. अट आत्ताच घालायला हवी, कारण यंत्रं वाढत चालली आहेत. मोठ्या खाजगी रुग्णालयांत ती रुळली आहेत, सरकारी संस्थांमध्येही येऊ लागली आहेत. एकदा सगळीकडे बसली की मागे जाऊन मोजणं कुणालाच जमणार नाही.

रोबोटला माझा विरोध नाही. उलट, लिव्हरची शस्त्रक्रिया उघड्या पोटाने कशी होते हे मी इतक्या जवळून पाहिलं आहे की दुसरी वाट निघाली याचा मला मनापासून आनंद आहे.

उघडी शस्त्रक्रिया म्हणजे बरगड्यांच्या खालून उजवीकडे वळत गेलेला, वीतभराहून लांब छेद. बरगड्या वर खेचून धरणारा लोखंडी रिट्रॅक्टर टेबलाला जखडलेला. चार-पाच तास असा ताणून ठेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी खोकायलाही घाबरतो. खोकत नाही म्हणून छातीत कफ साठतो, कफाचा ताप येतो, तापामुळे उठून बसणं लांबतं. घरी गेल्यावर जखमेच्या जागी पुढे हर्निया झालेले पेशंट मी दोन-तीन वर्षांनी पुन्हा टेबलावर पाहिले आहेत. अंगमेहनतीवर पोट असलेल्या माणसाला हा छेद फार महाग पडतो.

इंदापूरकडच्या एक बाई आठवतात. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आधीच्या वर्षी काढलेला, केमो झालेली, आणि तपासणीत लिव्हरच्या मागच्या वरच्या कोपऱ्यात, सातव्या सेगमेंटमध्ये म्हणजे भागात, एक डाग दिसला. त्यांची गाठ रोबोटने काढली. पोटावर पाच बारीक छेद, आणि काढलेला तुकडा बाहेर घेण्यासाठी ओटीपोटावर एक थोडा मोठा आडवा. चौथ्या दिवशी त्या स्वतःच्या पायांनी लिफ्टपर्यंत गेल्या. जाताना त्यांनी मला विचारलं, कळशी कधी उचलू. उघड्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी हा प्रश्न मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

नातेवाईक विचारतात, "सिस्टर, म्हणजे मशीनच ऑपरेशन करणार का?" नाही. यंत्र स्वतःहून एक टाकाही घालत नाही. पेशंटच्या पोटात चार हात जातात आणि ते हात सर्जन चालवतो. तो त्याच खोलीत काही फुटांवर कन्सोलला बसलेला असतो, डोळे दोन भिंगांत, बोटं दोन कड्यांत. त्याला आतलं दृश्य दहा पट मोठं आणि खोलीसकट दिसतं. त्याच्या हाताचा बारीक कंप यंत्र गाळून टाकतं. मुख्य म्हणजे हत्याराचं टोक मनगटासारखं वळतं. साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हत्यारं सरळ काठ्यांसारखी असतात. बरगड्यांच्या आड, श्वासपटलाखाली लपलेल्या सातव्या-आठव्या सेगमेंटमध्ये सरळ काठीने सुई फिरवणं किती अवघड असतं हे मी सर्जनच्या कपाळावरच्या घामात पाहिलं आहे. तिथे वळणारं मनगट खरोखर उपयोगी पडतं.

पण लिव्हर म्हणजे पित्ताशय नव्हे, हे आपल्या समितीत कुणीतरी ठासून सांगायला हवं. दीड किलोच्या आसपासचा हा अवयव, त्यातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं. रक्त दोन वाटांनी येतं, पोर्टल शिरेतून बरंचसं आणि धमनीतून उरलेलं. बाहेर जातं ते तीन मोठ्या यकृतशिरांतून, थेट शरीरातल्या सर्वांत मोठ्या शिरेत, हृदयापासून बोटभर अंतरावर. फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये लिव्हरचे आठ भाग ज्या पद्धतीने पाडले, त्याच पद्धतीने आजही सगळे सर्जन बोलतात. त्या भागांच्या सीमा वरून दिसत नाहीत. त्या आत, रक्तवाहिन्यांच्या फांद्यांवर ठरतात.

ग्लासगोचे जेम्स प्रिंगल या सर्जनने १९०८ मध्ये लिहून ठेवलं की लिव्हरच्या देठाशी असलेला रक्तवाहिन्यांचा जुडगा दाबून धरला तर रक्तस्राव आवरतो. आज आम्ही तिथे टेप ओवतो. १५ मिनिटं आवळायची, ५ मिनिटं सोडायची, पुन्हा आवळायची. वेळ सांगणं सिस्टरचं काम. "सर, चौदा झाली." रक्त थांबलेलं असताना लिव्हर उपाशी असतं, म्हणून हे मिनिट कुणी विसरायचं नाही. भूल देणाऱ्या मॅडम त्याच वेळी शिरांमधला दाब मुद्दाम खाली ठेवतात, म्हणजे कापलेल्या शिरेतून कमी रक्त येतं. दुर्बीण असो वा रोबोट, पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवलेलं असतं, आणि शिरेला भोक पडलं तर तो वायू रक्तात शिरू शकतो. मॅडमच्या पडद्यावरची रेष एकदम घसरली की सगळी ओटी श्वास रोखते.

आणखी एक गोष्ट. उघड्या शस्त्रक्रियेत सर्जन लिव्हर हातात घेऊन चाचपतो. आतली गाठ बोटांना कळते. आमच्याकडे होता त्या रोबोटमध्ये बोटांना काहीच कळत नव्हतं. दाब जाणवू शकेल अशी हत्यारं असलेल्या यंत्राला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे, पण आपल्या बहुतेक ओट्यांत त्याआधीची यंत्रं आहेत. स्पर्शाची जागा अल्ट्रासाउंडने भरून काढावी लागते. छोटा प्रोब पोटात टाकून लिव्हरवर फिरवायचा, गाठ कुठे संपते, शीर किती जवळ आहे ते बघायचं. इंडोसायनिन ग्रीन नावाचं औषध शिरेतून दिलं की खास प्रकाशात लिव्हर हिरवं चमकतं, आणि ज्या भागाचा रक्तपुरवठा बंद केला तो काळा राहतो. पहिल्यांदा ती हिरवी-काळी सीमारेषा पडद्यावर उमटलेली पाहिली तेव्हा आम्ही सगळे क्षणभर गप्प झालो होतो. रोबोट घेतला पण अल्ट्रासाउंडचा तो प्रोब घेतला नाही, तर लिव्हरची शस्त्रक्रिया अर्ध्या डोळ्यांनी होते. खरेदीच्या कागदात प्रोबची ओळ आहे का, हे कृपया पाहा.

माणसांचंही तसंच. उघड्या शस्त्रक्रियेत लिव्हरचा मांसल भाग अलगद फोडून शिरा उघड्या करायला कुसा नावाचं अल्ट्रासाउंडवर चालणारं हत्यार वापरतात. आमच्या रोबोटच्या हाताला ते बसत नव्हतं. म्हणून एकतर कन्सोलवरचा सर्जन दुसऱ्या हत्याराने चिरडत, जाळत पुढे जायचा, नाहीतर टेबलाशी उभा असलेला दुसरा सर्जन लांब नळीचं कुसा वेगळ्या पोर्टमधून, म्हणजे छेदात बसवलेल्या नळीतून चालवायचा. क्लिप लावणारा तोच, रक्त ओढणारा तोच, हत्यार बदलणारा तोच, आणि काही बिघडलं तर पेशंटच्या अंगाशी असलेला एकटा तोच. कन्सोलवरच्या सर्जनच्या हातात निर्जंतुक ग्लोव्हजही नसतात. म्हणजे लिव्हरच्या रोबोटिक शस्त्रक्रियेला एक नव्हे, दोन तयार सर्जन लागतात, तयार भूलतज्ज्ञ लागतो आणि सराव केलेल्या सिस्टर लागतात. प्रशिक्षणाला नाव मात्र बहुतेक वेळा एकाच सर्जनचं जातं.

आता ती दुपार सांगते, जिच्यामुळे हे पत्र लिहावंसं वाटलं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. असं कुठेही होऊ शकतं.

गाठ उजव्या यकृतशिरेला चिकटून होती. शस्त्रक्रिया रोबोटने सुरू झाली. दोन-अडीच तास सगळं नीट चाललं होतं, आणि एका क्षणी पडदा लाल झाला. टेबलाशी उभा असलेला मुलगा नवा होता, पण त्याने प्रसंगावधान राखून गॉझ दाबून धरला. कन्सोलवरून आवाज आला, "कन्व्हर्ट." म्हणजे रोबोट सोडवा, पोट उघडा. आणि आमच्याकडे मोठा रिट्रॅक्टर दुसऱ्या थिएटरमध्ये होता. उघड्या शस्त्रक्रियेचा ट्रे खालच्या मजल्यावर होता. रोबोटचे हात कोणत्या क्रमाने सोडवायचे हे बाहेरच्या सिस्टरला कधी कुणी घड्याळ लावून करायला दिलं नव्हतं. "कन्व्हर्ट" ऐकल्यापासून सुरी कातडीला लागेपर्यंत ९ मिनिटं गेली. सवयीने माझी नजर घड्याळावर होती. आयुष्यात इतकी लांब ९ मिनिटं मी पाहिली नाहीत.

पेशंट वाचला. रक्ताच्या पिशव्या लागल्या, आयसीयूत बरेच दिवस काढले, पण वाचला. सर्जन हुशार आणि प्रामाणिक होते, त्या रात्री ते घरी गेले नाहीत. मला पुढची गोष्ट बोचते. महिन्याच्या शेवटी शस्त्रक्रियांची यादी लागली. त्यात ही केस "ओपन" शस्त्रक्रियांच्या खाली होती. रोबोटच्या यादीत ती नव्हतीच. तिथे शेवटी लिहिलं होतं, कन्व्हर्जन शून्य. मी विचारलं तेव्हा रजिस्टर लिहिणारा सहज म्हणाला, "शेवटी ओपनच झाली ना, सिस्टर?"

त्याच्या मनात काही खोट नव्हती. रजिस्टरला एकच रकाना होता, शस्त्रक्रियेचा प्रकार, आणि त्याने शेवटी जे झालं ते लिहिलं. पण अशाने रोबोटच्या वाट्याच्या सगळ्या वाईट दुपारी उघड्या शस्त्रक्रियेच्या खात्यात जमा होतात. रोबोटचं खातं निर्मळ दिसतं, उघड्याचं अधिक काळं दिसतं, आणि पुढच्या पेशंटला तीच तुलना दाखवली जाते. आमच्या काउंटमध्ये हे चालत नाही. पोटात गेलेला मॉप गेलेलाच असतो. तो कुठून बाहेर आला यावरून आम्ही फळ्यावरचा आकडा बदलत नाही. रोबोटने सुरू झालेली केस रोबोटच्याच खात्यावर राहिली पाहिजे, संपली कशीही.

जगात काय मोजलं गेलं आहे, हे मी निवृत्तीनंतर वाचत बसले. आमच्या जुन्या सरांनी लेख दिले, काही समजावून सांगितले. आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरलेल्या २८० रुग्णांना नॉर्वेतल्या ओस्लोत चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं, अर्ध्यांची शस्त्रक्रिया पोट उघडून, अर्ध्यांची साध्या दुर्बिणीतून. २०१८ मध्ये निकाल आला. उघड्या गटात ३१ टक्क्यांना गुंतागुंत झाली, दुर्बिणीच्या गटात १९ टक्क्यांना. रुग्णालयातला मुक्काम ९६ तासांवरून ५३ तासांवर आला. पुढे पाच वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं होतं. म्हणजे छोटा छेद चांगला, आणि त्यासाठी कॅन्सरच्या बाबतीत किंमत मोजावी लागत नाही, हे तिथे पक्कं झालं.

पण तो अभ्यास दुर्बिणीचा होता. रोबोट दुर्बिणीहून चांगला आहे का, हा वेगळा प्रश्न. जर्मनीतल्या मानहाइममध्ये ८० रुग्णांवर तीच चिठ्ठ्यांची पद्धत वापरून रोबोट आणि दुर्बीण समोरासमोर ठेवली. २०२४ मध्ये आलेल्या निकालात शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांत पेशंटच्या जीवनमानात फरक दिसला नाही. जुन्या नोंदी जुळवून केलेल्या इतर तुलनांमध्ये रोबोटने सुरू केलेल्या केसेस कमी वेळा उघडाव्या लागल्या असं दिसतं, आणि अवघड जागी ते मला पटतं. पण अशा तुलनेत कोणती गाठ कुणी कशासाठी निवडली, हे नेहमी आड येतं. डाव्या कडेची छोटी गाठ साध्या दुर्बिणीतून सुरेख निघते. तीच रोबोटने काढली तर यादी लांबते, निकाल छान दिसतात, बिल वाढतं, आणि पेशंटला जादा काय मिळालं ते सांगता येत नाही. म्हणून गाठ किती अवघड होती हेही लिहून ठेवायला हवं. ते मोजायची पद्धत जपानी सर्जनांनी २०१४ मध्ये मांडली आहे: गाठ कुठे, किती मोठी, मोठ्या शिरेच्या किती जवळ, लिव्हर किती निरोगी, किती काढायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

मोजलं नाही तर काय होतं, याचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. ते लिव्हरचं नाही, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं आहे. तो दुर्बिणीने आणि रोबोटने काढण्याची पद्धत कित्येक वर्षं जगभर वाढत गेली. छेद छोटा, मुक्काम कमी, सगळे समाधानी. मग १३ देशांतल्या ३३ केंद्रांत ६३१ स्त्रियांवर नीट अभ्यास झाला. २०१८ मध्ये कळलं की साडेचार वर्षांनी रोग न उलटलेल्या स्त्रिया उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के होत्या आणि छोट्या छेदांच्या गटात ८६ टक्के. इतकी वर्षं हा फरक कुणाच्याच लक्षात आला नव्हता, कारण एकेका रुग्णालयाला आपले पाच-सात पेशंट पुन्हा आजारी पडलेले दिसतात, त्यातून काही कळत नाही. लिव्हरमध्ये असं होईल असं मी म्हणत नाही, ओस्लोचे आकडे धीर देणारेच आहेत. पण आपल्याकडे झालं, तर ते आपल्याला कळेल अशी कोणती सोय आज आहे?

लिव्हर प्रत्यारोपणासाठी अशी सोय आहे. १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयाला नोंदणी लागते. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांकडे मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचा हिशेब असतो. बहुतेक वेळा लिव्हरची गाठ काढणारे सर्जन तेच असतात, ओटी तीच असते, सिस्टर त्याच. नवं लिव्हर बसवलं तर ते राज्याच्या वहीत येतं, लिव्हरचा निम्मा भाग काढला तर येत नाही.

आणि मोजण्याची परंपरा तर आपल्याच मातीत आहे. देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. ग्रामीण भागातली पहिली १९८७ मध्ये बार्शीला. तिथले कार्यकर्ते गावोगाव, घरोघर फिरून कुणाला कोणता कॅन्सर झाला ते विचारत आणि लिहीत. संगणक नव्हते तेव्हा बार्शीच्या वाड्यावस्त्यांवर हे जमलं. कोट्यवधींचं यंत्र ज्या खोलीत उभं आहे, त्या खोलीत एक पान भरायला जमणार नाही, हे मी मानायला तयार नाही.

त्या पानावर काय हवं? पेशंटचं वय, आजार कोणता, लिव्हर निरोगी की सिरॉसिसचं, म्हणजे कडक होऊन आकसलेलं. गाठ कोणत्या सेगमेंटमध्ये, किती सेंटिमीटरची, अवघडपणाचा गुण किती. यंत्र कोणत्या कंपनीचं. हे शेवटचं विशेष महत्त्वाचं, कारण आजवरचे बहुतेक अभ्यास एकाच अमेरिकन कंपनीच्या यंत्रावरचे आहेत. गुरुग्रामच्या एसएस इनोव्हेशन्सच्या मंत्रा या भारतीय यंत्राला २०२२ मध्ये देशात मान्यता मिळाली, त्यामुळे किमती खाली येतील अशी आशा आहे, पण एका यंत्राचे निकाल दुसऱ्याच्या नावावर चालवता येत नाहीत. कन्सोलवरच्या सर्जनची ही कितवी रोबोटिक लिव्हर केस, टेबलाशी कोण होतं. देठ किती मिनिटं आवळला, रक्त किती गेलं. कन्व्हर्ट झाली का, आणि घाईत झाली की शांतपणे ठरवून. पॅथॉलॉजीच्या अहवालात कड कॅन्सरमुक्त आहे का. ९० दिवसांपर्यंत काय झालं. तीस दिवसांवर थांबू नका, लिव्हर हळूहळू हार मानतं, घरी गेलेला पेशंट दुसऱ्या महिन्यात पोटात पाणी होऊन परत येतो. मग वर्षाने आणि तीन वर्षांनी, रोग उलटला का.

शिकण्याच्या काळाबद्दल बोलायला सगळे कचरतात. प्रत्येक सर्जन कधीतरी पहिली केस करतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अनुभवी सर्जन शेजारी बसवून, सोप्या गाठींपासून सुरुवात करून हे नीट करता येतं, मी तसं झालेलं पाहिलं आहे. पण ते पहिले वीस-पंचवीस पेशंट कोण असतील? सरकारी रुग्णालयात यंत्र आलं की ते पिवळ्या-केशरी रेशनकार्डवालेच असतील. त्यांना सांगितलं पाहिजे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केलं आहे की संमती म्हणजे नुसती सही नव्हे, पेशंटला पर्याय आणि धोके पुरेसे कळलेले असले पाहिजेत. संमतीपत्रावर मराठीत दोनच ओळी वाढवा: या रुग्णालयात रोबोटने सुरू केलेल्या लिव्हरच्या शस्त्रक्रिया आजवर इतक्या, त्यातल्या उघडाव्या लागल्या त्या इतक्या. मला माणसं माहीत आहेत. खरं सांगितलं की ती जास्त विश्वास ठेवतात.

पैशांबद्दल थोडं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि रोबोटिक लिव्हर शस्त्रक्रियेला वेगळा दर द्यायचा का हा प्रश्न आज ना उद्या तुमच्या टेबलावर येणारच. अमेरिकन यंत्राच्या हत्यारांत चिप असते. ठरलेल्या संख्येइतक्या वेळा वापरलं की हत्यार धडधाकट असूनही यंत्र ते स्वीकारत नाही. त्यामुळे यंत्राची किंमत ही खर्चाची फक्त सुरुवात आहे. पहिल्या वर्षानंतर हत्यारांना आणि देखभालीच्या कराराला पैसे नसले की काय होतं, हे प्लास्टिकच्या कव्हराखाली उभी असलेली यंत्रं पाहिलेल्या प्रत्येक सरकारी सिस्टरला ठाऊक आहे. खाजगी विम्यात २०१९ पासून विमा नियामकाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत रोबोटिक शस्त्रक्रिया आहे, पण कंपन्या त्यावर मर्यादा घालू शकतात, आणि ती मर्यादा घरच्यांना डिस्चार्जच्या खिडकीवर कळते. जादा दर द्यायचाच असेल तर अवघड जागेच्या गाठींसाठी द्या, आणि ज्या रुग्णालयाने ९० दिवसांचं पान भरून पाठवलं त्यालाच द्या.

विषय सोडून एक वाक्य लिहिते, राहवत नाही म्हणून. आमच्या टेबलापर्यंत पोचायचे ते नशीबवान. सिरॉसिसमधून लिव्हरचा कॅन्सर झालेले बरेच पेशंट इतक्या उशिरा येतात की गाठ काढल्यावर पुरेसं लिव्हर उरणारच नसतं. निरोगी लिव्हरचा पंचवीस-तीस टक्के भाग उरला तर माणूस तरतो, सिरॉसिसमध्ये चाळीस टक्के तरी लागतो. हा हिशेब कोणताही रोबोट बदलत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सिरॉसिस असलेल्या माणसाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, आणि जन्मलेल्या प्रत्येक बाळाला २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस, या दोन गोष्टी तालुक्यापर्यंत पोचल्या तर रोबोटला काढता येण्याजोग्या लहान गाठी तरी त्याच्यासमोर येतील.

यंत्र आलं की निदान एवढं करा: उघड्या शस्त्रक्रियेचा ट्रे आणि मोठा रिट्रॅक्टर त्याच खोलीत, प्रत्येक लिव्हरच्या केसला, उघडून ठेवलेला. आणि दर महिन्याला एकदा, पेशंट नसताना, घड्याळ लावून रोबोट सोडवण्याचा सराव. कन्सोलच्या सर्जनपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांनी. याला एक रुपया लागत नाही.

पत्रासोबत मी नोंदीच्या पानाचा नमुना जोडते आहे. जुन्या सरांनी आणि मी मिळून तो केला. कागदाच्या एका बाजूला मावतो. पेशंट रिकव्हरीत जाऊन ट्रॉली आवरून होईपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात भरून होतो. आपण बोलावलंत तर मी कुठेही येऊन तो समजावून सांगेन. माझ्या डायरीत वेळा लिहिलेल्या आहेत, त्यावरून मी काही जुन्या केसेसवर तो भरून पाहिला, नावं न लिहिता. त्या दुपारच्या केसवरही भरला. शस्त्रक्रिया कशाने सुरू झाली, या रकान्यात लिहिलं, रोबोट. कन्व्हर्ट झाली का, या रकान्यात लिहिलं, हो, घाईत, ९ मिनिटं.

आपली,
एक निवृत्त थिएटर सिस्टर
पुणे